गुपितं पुरवली गेली नाहीत

मराठी घरात वायफायचा पासवर्ड गुप्त नसतो. तो फ्रिजच्या दारावर चिकटवलेला असतो, भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या खाड्यांशेजारी पेन्सिलीने लिहिलेला असतो, नाहीतर घरातल्या सगळ्यात धाकट्या भाच्याला तोंडपाठ असतो. पाहुणा आला की आधी पाणी, मग पासवर्ड. मोठ्या माणसांना तो सांगण्यात यजमानपणाचं समाधान मिळतं आणि सांगण्याची रीतही ठरलेली आहे: "पहिला एस कॅपिटल, बाकी सगळं बारीक. श्रीवर्धन. मग ॲट द रेट. मग आमच्या लग्नाचं साल." पाहुणा अदबीने विचारतो, श्रीला शेवटी आय की डबल ई? वर्धनचा व व्ही की डब्ल्यू? यावर घरातच एकमत नसतं. लग्नाचं साल कोणतं हे मात्र पाहुण्याने विचारायचं नाही. ते त्याला ठाऊक असायला हवं.

हाच पासवर्ड लिनक्सच्या लॅपटॉपवर एकदा टाइप केला की त्याला एकदम प्रतिष्ठा येते. तो कुठे ठेवायचा, कुणाच्या नावे ठेवायचा, कुणी मागितला तर द्यायचा, याचा तिथे फार गांभीर्याने विचार झालेला आहे. बहुतेक लिनक्स डेस्कटॉपवर हे खातं नेटवर्क मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम सांभाळतो. रेड हॅटने 2004 साली तो सुरू केला. त्याआधी लिनक्सवर वायफाय चालवणं हा एक स्वतंत्र छंद होता, आणि तो जडलेल्यांचे रविवार कसे जात ते त्यांच्या घरच्यांनाच विचारावं. जोडलेल्या प्रत्येक नेटवर्कची हा प्रोग्रॅम एक छोटी फाइल करतो आणि सिस्टिम-कनेक्शन्स नावाच्या फोल्डरात ठेवून देतो. ती उघडायचा हक्क फक्त रूटला, म्हणजे त्या यंत्राच्या सर्वेसर्वाला. तुमच्याच घरचा पासवर्ड, तुम्हीच टाइप केलेला, पण तो बघायचा तर आधी सुडो म्हणायचं आणि आपण कोण ते सिद्ध करायचं. एवढं करून फाइल उघडावी तर आत पीएसके ही तीन अक्षरं, पुढे बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे पासवर्ड, साध्या अक्षरांत, जसाच्या तसा. सगळा पहारा दारावर. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स सुरू करणाऱ्याला तेवढाही अडसर नाही.

पण या फाइलमध्ये पासवर्ड असेलच असंही नाही, आणि बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात. जोडणीत फेरफार करायची खिडकी उघडली की पासवर्डच्या चौकटीत, अगदी उजव्या टोकाला, एक बारीकसं चित्र असतं. बहुतेकांना ती शोभा वाटते. त्यावर क्लिक केलं की चार पर्याय समोर येतात. पासवर्ड फक्त या वापरकर्त्यासाठी ठेवा, सगळ्यांसाठी ठेवा, दर वेळी विचारा, पासवर्ड लागतच नाही. ही निवड फाइलमध्ये एका आकड्याने नोंदली जाते. 0 असेल तर पासवर्ड यंत्राच्या ताब्यात, सगळ्यांच्या कामाचा. 1 असेल तर तो वापरकर्त्याच्या खाजगी किल्ल्यांच्या जुडग्यात, म्हणजे कीरिंगमध्ये. 2 असेल तर कुठेच ठेवायचा नाही, दर वेळी तोंडी विचारायचा. लागतच नाही त्याला 4. मधला 3 कुठे गेला? हे आकडे दुपटीने जातात, कारण त्यांची बेरीज करता यावी अशी सोय आहे. 1 आणि 2 मिळून 3. म्हणजे पासवर्ड माझ्यापाशी ठेव आणि कुठेही ठेवू नकोस. यादीत असा पर्याय दिलेला नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत मात्र असे ठराव एकमताने मंजूर झालेले आहेत.

तळमजल्यावरच्या नानांचा पासवर्ड 1 मध्ये होता.

नाना जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यांचा लॅपटॉप जुना, त्यावर पुतण्याने लिनक्स मिंट टाकून दिलं आणि तो बंगळुरूला नोकरीवर रुजू झाला. जाण्याआधी नानांनी त्याला एकच अट घातली होती: झाकण उघडलं की थेट आत. दर वेळी नाव-गाव सांगत बसायला हे काही सरकारी कार्यालय नाही, घरात आम्ही दोघंच. पुतण्याने आपोआप लॉगिन होण्याची सोय चालू करून दिली. तेव्हापासून लॅपटॉप खरोखरच थेट आत जाऊ लागला, आणि आत गेल्या गेल्या पडद्याच्या मधोमध एक करडी चौकट येऊ लागली. लॉगिन करताना जुडगा उघडला गेला नाही, पासवर्ड द्या. नाना तिथे इमानेइतबारे वायफायचा पासवर्ड टाकत. चौकट तो नाकारी. नानांचं निदान पक्कं होतं: यंत्र म्हातारं झालंय, पासवर्ड विसरायला लागलंय. इंटरनेटवाल्याचा माणूस एकदा येऊन राउटर बंद-चालू करून गेला आणि चहा चांगला होता म्हणाला.

"नाना, ते वायफायचा पासवर्ड मागतच नाहीये," मी म्हटलं. "लॅपटॉपचा मागतंय."

"लॅपटॉपचा कशाला? लॅपटॉप उघडलाय की."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते नानांच्या बाजूने होतं.

आतली गोष्ट अशी. जुडग्याला त्याचा स्वतःचा पासवर्ड असतो आणि तो सहसा लॉगिनचाच ठेवलेला असतो. तुम्ही लॉगिन करताना जो पासवर्ड टाकता तोच पॅम नावाची यंत्रणा हळूच पुढे सरकवते आणि जुडगाही उघडून देते. रोज हे घडतं, म्हणून जुडगा नावाची काही वस्तू आहे याचा अनेकांना पत्ताच नसतो. केडीईच्या डेस्कटॉपवर हेच काम केवॉलेट करतं. आता आपोआप लॉगिन चालू केलं म्हणजे काय केलं? तुम्ही काही टाइपच करत नाही, मग पॅमने पुढे सरकवायचं काय? जुडगा बंदच राहतो, त्याच्या आत वायफायचा पासवर्ड सुखरूप असतो, नेटवर्क मॅनेजर तो मागायला जातो आणि दारावर अडतो. मग तुम्हाला विचारलं जातं. लॉगिनचा पासवर्ड टाकायचे कष्ट वाचावेत म्हणून केलेली सोय शेवटी तोच पासवर्ड मागते, फक्त थोडा उशिरा आणि थोडा कोड्यात. मला यातली तर्कशुद्धता फार आवडते. नानांना आगीतून फुफाट्यात आल्यासारखं वाटत होतं, आणि लॉगिनचा पासवर्ड तर पुतण्या गेल्यापासून कुणी टाइप केलेलाच नव्हता, तो आठवणार कसा.

याचंच एक चुलत दुखणं आहे. लॉगिनचा पासवर्ड तुम्ही स्वतः रीतसर बदललात तर जुडग्याचाही बदलतो. पण विसरलात, आणि कुणी जाणत्याने रूट होऊन बाहेरून नवा करून दिला, तर जुडगा जुन्यालाच धरून बसतो. नवा पासवर्ड देणाऱ्याला जुना माहीत नव्हता, मग आतलं कुलूप त्याने बदलावं कसं? आणि जुना कुणालाच आठवत नसेल तर मार्ग संपला. लपवलेल्या फोल्डरातली जुडग्याची फाइल बाजूला सारायची, यंत्र नवा कोरा जुडगा करतं, जुन्यातलं सगळं गेलं. तिथे अर्ज चालत नाही, साहेबाची सही चालत नाही, वरून फोन आला तरी उघडत नाही. जिल्हा परिषदेत उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला ही कल्पना पचायला वेळ लागतो. नाना बराच वेळ "कुणाच्याच?" एवढंच म्हणत राहिले.

संगणक पासवर्ड मागतो तेव्हा तो विसरलेला असतो ही समजूत मुळातच चुकीची आहे. विसरणं त्याला जमत नाही. आपल्याला जमतं म्हणून आपण तो दोष त्याच्या पदरात टाकतो. तो मागतो त्याची कारणं वेगळी असतात आणि त्यातलं एक कारण तर यंत्राच्याही हाताबाहेरचं आहे.

नाना दुपारी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन पडतात. राउटर बाहेरच्या दालनात, मधे जुन्या बांधकामाची जाडजूड भिंत. तिथे खरोखरच वायफायचा पासवर्ड पुन्हा पुन्हा मागितला जायचा, आणि तो अचूक असूनही. याचं मूळ वायफायच्या बोलीत आहे. 2004 साली आलेल्या डब्ल्यूपीए 2 च्या रिवाजात पासवर्ड हवेतून कधी जातच नाही. लॅपटॉप पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेतो, 4096 वेळा घुसळतो आणि त्यातून एक किल्ली काढतो. राउटरकडेही त्याच रीतीने निघालेली किल्ली असते. नाव घुसळणीत मिसळलेलं असल्यामुळे पासवर्ड तोच ठेवून नुसतं नाव बदललं तरी किल्ली पार वेगळी निघते. मग दोघांमध्ये चार निरोपांची देवाणघेवाण होते. किल्ली न दाखवता ती आपल्याकडे आहे एवढंच एकमेकांना पटवायचं. पहिला निरोप राउटरचा, दुसरा लॅपटॉपचा. दुसऱ्यात राउटरला खोट दिसली तर तो काय करतो? चूक म्हणत नाही, पुन्हा प्रयत्न करा म्हणत नाही. गप्प बसतो. लॅपटॉप तिसऱ्या निरोपाची वाट बघत राहतो.

आणि भिंतीने दुसरा निरोपच गिळला, तर? तरीही समोरून तीच शांतता. पासवर्ड चुकला की भिंत आडवी आली हे लॅपटॉपला कळायला मार्ग नाही. यंत्राच्या रोजनिशीत त्या क्षणी जे वाक्य उमटतं ते म्हणूनच मला मोठं सभ्य वाटतं: चार निरोपांची बोलणी फिसकटली, किल्ली कदाचित चुकीची असेल. हा कदाचित तिथे मुद्दाम आहे. डेस्कटॉपवरच्या चौकटीपर्यंत येईतो मात्र तो गळून पडतो आणि उरतं ते फक्त पासवर्ड द्या. हेच सगळं टर्मिनलमधून करू गेलं तर उत्तर आणखी करारी येतं, कारण क्रमांक 7: गुपितं हवी होती, पण पुरवली गेली नाहीत. अरे, पुरवली होती ना! फाइलमध्ये लिहिलेली आहेत, पीएसकेच्या पुढे! पण एकदा बोलणी फिसकटली की नेटवर्क मॅनेजरचा जुन्या गुपितावरचा विश्वास उडतो, तो नवं मागतो, आणि नवं द्यायला कुणी हजर नसेल तर ठपका आपल्यावर येतो.

माझी आजी रात्री दोनदा-तीनदा विचारायची, दाराला कडी घातली का रे? आम्ही म्हणायचो, म्हातारीला लक्षात राहत नाही. तिला सगळं लक्षात असायचं. आम्ही टीव्हीसमोरून नुसतं हं केलेलं असायचं आणि ते तिच्यापर्यंत पोहोचलेलं नसायचं.

नानांच्या आतल्या खोलीवर उपाय लिनक्सकडे नव्हताच. राउटर भिंतीच्या दाराशेजारी, जरा उंचावर सरकवला आणि ते मागणं थांबलं. नानांच्या पत्नीला, माईंना, तिथे फुलदाणी हवी होती, पण तो वेगळा विषय.

माईंवरून आठवलं. त्याच लॅपटॉपवर माई मराठीतून लिहितात, पाककृती आणि बहिणीला लांबलचक पत्रं. इन्स्क्रिप्टचा कीबोर्ड त्यांनी हौसेने शिकून घेतलाय. लिहून झालं की त्या उठतात, कीबोर्ड मराठीतच राहतो. नंतर नाना येऊन पासवर्ड टाकतात. पडद्यावर नेहमीसारखे काळे ठिपके उमटतात, एका अक्षराला एक, सगळं अगदी यथास्थित. ठिपक्यांना लिपी नसते. आत भलतंच काहीतरी देवनागरी कडबोळं जमा झालेलं असतं आणि वरून ते श्रीवर्धनइतकंच प्रतिष्ठित दिसतं. चौकटीखालच्या पासवर्ड दाखवा या पर्यायावर खूण केली की बिंग फुटतं. ही एक खूण आधी करायची सवय लागली तर माझ्या मते निम्म्या तक्रारी मुळातच मिटतील, पण घरात आपण एकटे असतानाही माणसं ती करायला संकोचतात. कुणापासून लपवतात कोण जाणे. पासवर्डच मराठीत ठेवला तर, असं माईंनी विचारलं होतं. ते नियमात बसत नाही. वायफायचा परवलीचा शब्द 8 ते 63 चिन्हांचा असावा लागतो आणि ती चिन्हं इंग्रजी कीबोर्डावरचीच लागतात. त्यामुळे आय की डबल ई, हा वाद पिढ्यान्पिढ्या चालणार.

एकदा का नेटवर्क मॅनेजरच्या फोल्डरात डोकावायची सवय लागली की माणूस कामापुरता थांबत नाही. टर्मिनलमध्ये एनएमसीएलआय नावाच्या प्रोग्रॅमला साठवलेल्या जोडण्या दाखव म्हटलं की तो सगळी यादी ओततो. माझ्या यादीत गणपतीपुळ्याचा एक लॉज आहे, ज्याचं नेटवर्क फक्त जिन्यात मिळायचं. सांगलीचं एक मंगल कार्यालय आहे. तिथला पासवर्ड वधूच्या मामांनी माइकवरून जाहीर केला होता. एका इस्पितळाचा चौथा मजला आहे. एका मित्राचं दापोलीतलं घर आहे, ते आता विकलं गेलंय. तिथे आता दुसरी माणसं राहतात, त्यांचा राउटर वेगळा, नाव वेगळं, पण माझ्या लॅपटॉपला अजून जुनाच पासवर्ड माहीत आहे आणि ते जुनं नेटवर्क जवळपास दिसलं तर जोडून घ्यायची त्याची तयारी आहे. काही नावांपुढे 1 लागलेला आहे, कारण एकाच नावाचं दुसऱ्यांदा खातं उघडलं गेलं की नेटवर्क मॅनेजर जुनं पुसत नाही, नव्याला क्रमांक देतो. घराण्यात एकाच नावाचे दोघं असले की धाकटा म्हणतात, तसा काही विचार त्यामागे नाही, पण परिणाम तोच.

ही यादी अधूनमधून साफ करावी असं जाणकार सांगतात, आणि ते खरं आहे. पासवर्ड नसलेलं, नावाने अगदी सर्वसाधारण असं एखादं फुकट नेटवर्क यादीत राहिलं की त्याच नावाचं दुसरं कुठलंही दिसताच लॅपटॉप आपणहून त्याला जाऊन चिकटतो. ते दुसरं कुणी उभारलंय, याची चौकशी तो करत नाही. मी अशी सगळी उडवली. लॉजही उडवला. इस्पितळाच्या नोंदीवर बोट ठेवून बघितलं तर शेवटची तारीख वडिलांना घरी सोडलं त्या सकाळची होती. ती राहू दिली. दापोलीही राहिली, तिची जागा किती लागते.

नानांचं काम शेवटी दोन पावलांत उरकलं. जोडणीतल्या त्या बारीक चित्रावर क्लिक करून पासवर्ड सगळ्या वापरकर्त्यांसाठी ठेवला, म्हणजे 1 चा 0 झाला आणि वायफायचा जुडग्याशी संबंध तुटला. पण सकाळी ब्राउझर उघडताच तीच करडी चौकट परत. ब्राउझरही आपली गुपितं त्याच जुडग्यात ठेवतो. तेव्हा जुडग्याचाच पासवर्ड काढून टाकायचं ठरलं. पासवर्ड्स अँड कीज नावाचा एक प्रोग्रॅम त्यासाठी असतो. त्यात लॉगिन या नावावर उजवं क्लिक करायचं, पासवर्ड बदला म्हणायचं, जुना द्यायचा, नव्याची जागा रिकामी सोडायची. पण जुना हवाच. पुतण्याचा फोन लागेना. नानांनी घरातल्या सगळ्यांची नावं, जन्मसालं आणि स्कूटरचा नंबर टाकून बघितला.

स्वयंपाकघरातून माईंनी विचारलं, "काय हवंय तुम्हाला, लॅपटॉपचा का? माझ्या माहेरचं गाव आणि पुढे 123. जाताना मला सांगून गेला होता तो."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

तो पासवर्ड चालला. नवी जागा रिकामी सोडली तेव्हा प्रोग्रॅमने बजावलं की असं केलंत तर आतलं सगळं एन्क्रिप्शनशिवाय राहील आणि तुमच्या फाइली ज्याच्या हाती पडतील त्याला वाचता येईल. नानांनी ते इंग्रजी सावकाश, मोठ्याने वाचलं. मग त्यांनी कंटिन्यूवर क्लिक केलं आणि बातम्या लावल्या.